माहिराचा व्हिसा

एप्रिलमध्ये आमच्या शाळेची आठ मुलं नबीला मॅमबरोबर वॉशिंग्टनला गेली. लिंकनचं स्मारक, कॅपिटॉल, तिथली संसद कशी चालते ते बघायला. यादीत नववं नाव माहिराचं होतं. तिचा व्हिसा आला नाही.

मी नमिता, मूळची नाशिकची. अकरा वर्षं दोह्यात समाजशास्त्र शिकवते. सहलीची तयारी मीच करून घेतली होती आणि सगळ्यांत जास्त अभ्यास माहिराने केला होता. म्हणून तिच्या वडिलांना, अबूबकरभाईंना मी सांगितलं की आठवडाभर तिला चार वाजता माझ्या घरी सोडा. मुलं तिथे जे बघतील ते आम्ही पुस्तकातून बघू. रोज ते अबू हमूर भागातल्या आमच्या कंपाउंडच्या फाटकाशी गाडी थांबवायचे. बाकीची मराठी मुलं माझ्याशी इंग्रजीत बोलतात. ही एकटी घरच्या कोकणी वळणाने बोलायची. मला ते आवडायचं.

सोमवारी तिने लिंकनच्या स्मारकाचं चित्र काढलं आणि डावीकडच्या पायऱ्यांवर आडवा दोर दाखवला. पुस्तकात दोर नव्हता. विचारलं तर म्हणाली, "आज बांधलाय, मॅम. पायऱ्या ओल्या हायत."

अर्ध्या तासाने नबीलाकडून फोटो आला. मुलं पायऱ्यांवर उभी होती. डावीकडे दोर होता.

मैत्रिणींनी कळवलं असेल, असं मी धरलं. मग आठवलं, परीक्षा संपेपर्यंत वडिलांनी तिचा फोन काढून घेतला होता.

बुधवारी तिने दाराशी सँडल काढले तेव्हा दोन्ही टाचांना फोड आलेले दिसले. किती चालवतात, असं काहीतरी म्हणून ती हसली. मी पट्ट्या लावून दिल्या. न्यायला आलेल्या अबूबकरभाईंना विचारलं, तर शाळा आणि माझं घर सोडून ती कुठेच गेली नव्हती. दोन्हीकडे तेच तिला गाडीने सोडत होते.

गुरुवारी कॅपिटॉल होतं. तिथल्या एका जुन्या दालनात ठराविक लादीवर उभं राहून कुजबुजलं की पलीकडच्या टोकाला ऐकू येतं, ते मी वाचून दाखवत होते. साडेपाच झाले होते, म्हणजे तिकडे सकाळचे साडेदहा. वर बघितलं तर माहिरा टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. मी तिच्या हाताला हात लावला. हात बर्फासारखा गार होता.

झोपेतच ती बोलली, अगदी हळू. "समदी पलीकडे गेली, मॅम. मी हयच उभी हाय."

मी घाबरले. खांदे धरून तिला गदागदा हलवलं.

तिने डोळे उघडले, खोलीभर नजर फिरवली आणि इंग्रजीत माझी माफी मागितली. त्या दिवशी पुढे ती इंग्रजीतच बोलली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शनिवारी तिच्या आईचा, अजराचा फोन आला. आवाज रडवेला होता. "मॅम, माझी पोर माझं बोलणं समजत नाय."

डॉक्टरांना काही सापडलं नाही. व्हिसाचा राग धरून बसली आहे, असं अबूबकरभाईंचं मत होतं. सहल परत आली. आठही मुलं सुखरूप होती.

मे महिन्यात कॅपिटॉल दाखवणाऱ्या गाईडबाईंचा मेल आला. नबीलाने तो मला पुढे पाठवला. तुमचा गट गेल्यापासून त्या दालनात एकाच लादीवर पंधराएक वर्षांची मुलगी उभी दिसते, असं त्या बाईंनी लिहिलं होतं. जवळ गेलं की तिथे कोणी नसतं. ती कुजबुजते ते फक्त पलीकडच्या टोकाला ऐकू येतं. सोबत एकोणीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण होतं.

मी ते एकदा ऐकलं आणि तशीच त्यांच्या घरी गेले. अबूबकरभाई कामावर होते. माहिरा सोफ्यावर वाचत बसली होती. मी ध्वनिमुद्रण लावून फोन अजराच्या हातात दिला.

"अम्मी, मी हय हाय. मना घरा ने."

अजराने फोन दोन्ही हातांत घट्ट धरला, ओठांपाशी नेला.

"येत्ये गो बाय," ती म्हणाली. "येत्ये."

माहिराने पुस्तकातून मान वर केली. मग माझ्याकडे सरकून, आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने, तिने इंग्रजीत विचारलं की फोनमधली ही बिचारी मुलगी कोणत्या देशाची आहे.