दोघांत एक फोन

“अरे, हलवू काऊन नाई देत बटनं?”

शेजारचा माणूस फोनवर खेकसला आणि माझ्या हातातला चहा हिंदकळला.

घुग्घुसच्या बसथांब्याजवळ सुगंधाबाईंची चहाची टपरी आहे, तिथला तो लांब बाक. कोळसाखाणीच्या वजनकाट्यावर दिवसभर ट्रकांचे नंबर टाकून माझे डोळे चुरचुरत होते, केसांत कोळशाची धूळ होती. कोणाशी बोलायचं त्राण नव्हतं. पण त्याच्या स्क्रीनवर ‘गडझुंज’ दिसला... आणि राहवलं नाही.

“तुमचेबी गेले का?”

“गेले ना जी! कालच्या अपडेटनं.” त्याने मान वर केली. चेहरा दमलेला, डोळे मात्र मिश्कील. “तुमी खेळता?”

“काऊन? काट्यावरच्या पोरीनं खेळू नाई?”

“तसं नाई...” तो हसला. “घरी कोनाले समजत नाई, बटनासाठी एवढा जीव काऊन जळून राह्यला माझा.”

मला समजत होतं. पाच जणांनी मिळून गड राखायचा, असा तो खेळ. आजवर ज्याने त्याने बटनं हवी तिथे, हवी तेवढी करून घेतली होती. आता कंपनीने ठरवलं – सगळ्यांना एकसारखी स्क्रीन, म्हणजे कोणाला जास्तीचा फायदा नको. खेळणारे भडकले. कोणी एकच तारा दिला, कोणी निषेध म्हणून स्वतःच्या फोटोजागी कुलपाचं चित्र लावलं, कोणी खेळच सोडला. ‘बरं झालं’ म्हणणारेही होते. माझ्या थकल्या डोळ्यांसाठी मी नकाशा मोठा केला होता, तो पुन्हा नखाएवढा झाला. मीही कुलूप लावलं, तक्रार लिहिली.

“मी नाई लिहिली,” तो म्हणाला. “लिहिली असती त कारण सांगा लागलं असतं.”

तेव्हा लक्षात आलं. फोन त्याने गुडघ्यावर टेकवला होता आणि फक्त डावा अंगठा फिरत होता. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. माझी नजर त्याने पकडली.

“गाडी घसरली. ट्रक चुकवाले गेलो अन् धुळीत काई दिसलंच नाई. तवापासून बोटं ऐकत नाई. म्हणून गाडी सोडून बसनं येनं-जानं, म्हणून खाणीच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या लिहित बसनं.” त्याने फोन गुडघ्यावर सरळ केला. “खेळात कोनाले माहीत नव्हतं. सगळे बटनं डावीकडे घेतले होते, तिथी मी चांगला होतो.”

बिचारा म्हटलं असतं तर तो उठून गेला असता. मी चहा खाली ठेवला.

“सरका थोडे.”

“काऊन?”

“उजवीकडचे बटनं मी दाबीन. डावे तुमचे.”

खांद्याला खांदा लागला. दोघांचेही कान तापले असावेत – पण उन्हाळा चंद्रपूरचा, कोणाला कळणार?

“दाबा ना जी!”

“दाबून त राह्यले!”

“आधी ढाल... मंग तलवार!”

“आधी सांगाव ना मंग!”

गड पडला. सुगंधाबाई म्हणाल्या, “अवं पोरी, बस गेली ना तुमची!”

त्याचं नाव आदेश. मग रोज संध्याकाळी शिफ्ट सुटली की तो रुमालाने बाक पुसून ठेवायचा आणि आम्ही बहुतेक वेळा हरायचो. एकदा खेळता खेळताच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा माझं डोकं त्याच्या खांद्यावर होतं, आणि स्क्रीनवर आमच्या संघातले बाकीचे गडी आम्हाला शिव्या घालत होते.

“हरलो?”

“हरलो.”

“उठवाव ना मले!”

“कसा उठवू...” तो फोनकडेच पाहत म्हणाला. “झोपेत तुमी दमलेल्या नाई दिसत.”

पावसाळा लागता लागता कंपनी नमली. बटनं पुन्हा हलू लागली. काट्यावरच्या केबिनमध्ये मी ते वाचलं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. माझी तक्रारही त्यात होती ना? पण आता त्याला माझ्या अंगठ्याची गरज उरली नव्हती. त्या संध्याकाळी मी टपरीवर गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. परस्पर पुढच्या थांब्यावरून बस धरायची, घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. फोन उघडायचाही कंटाळा आला होता.

मग एका दुपारी केबिनच्या खिडकीवर टकटक झाली. दोन ट्रकांच्या मध्ये, चिखलात, आदेश उभा.

“येत काऊन नाई?”

“तुमचे बटनं आले ना परत. आता एकट्याले जमते.”

“जमते. काल जिंकलो.”

“मंग?” माझा आवाज उगाच चढला.

“मंग काई नाई. जिंकलो, अन् सांगाले बाजूले वळलो त... सुगंधाबाई भांडे घासून राह्यली होती.”

मला हसू आलं – आणि डोळेही भरले. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. आदेशला ऐकूच येत नव्हतं.

“मी खेळाले नाई बोलावून राह्यलो, खुशबू.” ‘जी’ न लावता पहिल्यांदाच माझं नाव. “खेळ नसला तरी चालते. तू पायजे बाजूले.”

मी ट्रकचा नंबर टाकला. चुकला. पुन्हा टाकला.

“माझी शिफ्ट सुटाले टाइम आहे,” मी कसंबसं म्हटलं.

“थांबतो.”

“इथी बसाले जागा नाई.”

“पायरी आहे ना.”

तो खरंच केबिनच्या पायरीवर बसला. मी एकामागून एक ट्रक काट्यावर घेत राहिले. पाठ दुखतच होती, डोळे चुरचुरतच होते. फक्त आता दाराबाहेर कोणीतरी माझ्यासाठी ताटकळत बसलं होतं.