निनावी कागद

चौथी ‘ब’च्या मागच्या बाकावर तो माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. बाक आठ-नऊ वर्षांच्या पोरांचं, हा चांगला तिशीतला, उंचापुरा. मांडीवर वही, हातात पेन, आणि चेहरा इतका साळसूद की हर्षा गजभियेला बघताक्षणीच शंका आली.

शंका यायला कारणही तसंच होतं. आठवड्यापूर्वी शाळेत एक निनावी पत्र आलं होतं. ‘जगातले धर्म’ या तासाला बाई लेकरांना घरच्या रीतींपासून तोडतात, तो तास बंद करा. हा तास हर्षाने भांडून मागून घेतलेला, दोन वर्षं जिवापाड सांभाळलेला. शनिवारच्या पालकसभेत त्याचा निकाल लागणार होता. तोवर ज्याला बघायचं असेल त्याने वर्गात येऊन बसावं, असं मुख्याध्यापिका प्रेमिला मॅडमनी कळवलं. आणि एवढ्या पालकांतून आला कोण, तर हा एकटा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

“मी जितेंद्र भोयर. मुग्धाचा काका,” तो म्हणाला. “तिचे आईबाबा उमरेडले शेतावर असतात. ती इथं माझ्याकडे अन् आजीकडे राहते.”

“बसा. मध्ये बोलायचं नाही.”

“बरं, मॅडम.”

हर्षाच्या तासाचा एकच नियम होता. खरं-खोटं, मोठं-छोटं असं कोणी म्हणायचं नाही. प्रत्येक वाक्य ‘आमच्या घरी’ने सुरू करायचं. आमच्या घरी ईदले शीरखुर्मा करतात. आमच्या घरी डोकं झाकून प्रार्थना करतात. पोरं बोलत होती आणि हा बाबा भराभर लिहीत होता.

“एवढं काय लिहिता?” तास संपल्यावर तिने विचारलं.

“विसरतो मी. म्हणून...”

“साक्षीपुरावे गोळा करणारे असंच सांगतात.”

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. ती आपल्या लक्षात का आली, याचाच हर्षाला राग आला.

मंगळवारी त्याने पिशवीभर संत्री आणली.

“लाच?”

“मामाच्या बागेतली आहेत. आंबट निघाली तर तक्रार करा.”

“तक्रारी करायची सवय तुम्हाला असेल,” ती म्हणाली. तो वहीची पानं उलटायला लागला. तिने संत्री पोरांना वाटून टाकली. एक उरलं, ते पर्समध्ये गेलं. फेकणार थोडंच.

बुधवारी पोरांनी त्याला घेरलं. काका, तुम्ही काय करता? त्याने बॅगेतून लग्नपत्रिकांचे नमुने काढले. सीताबर्डीला त्याचं पत्रिकांचं दुकान होतं. एकीवर गणपती, एकीवर बुद्ध, एकीवर चांद-तारा, एकीवर क्रूस.

“दहा वर्षं छापून राहिलो,” तो पोरांना म्हणाला, “पण कोणाले कधी विचारलंच नाही की हे काहून छापतात. आता तुम्ही सांगा.”

पोरं सांगायला लागली, आमच्या घरी, आमच्या घरी करत. तो हनुवटीखाली हात घेऊन ऐकत राहिला. हर्षा बघतच राहिली... माणूस असा ऐकतो तेव्हा त्याच्यावर संशय घेणं फार जड जातं. तिने सहज एक नमुना उचलला. जाड, सायीच्या रंगाचा कागद. केवड्याचा वास.

हाच कागद. हाच वास. मॅडमच्या कपाटात ठेवलेल्या त्या निनावी पत्राचा.

सुटी झाल्यावर तिने त्याला जिन्यात गाठलं. “ते पत्र तुम्ही लिहिलंत.”

त्याने बॅग पायरीवर ठेवली. “...हो.”

नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

“तुम्ही जैन धर्म शिकवला,” तो म्हणाला. “त्या दिवसापासून मुग्धा अंधार पडल्यावर जेवेना. आमच्याकडे सगळे नऊले जेवतात. पोरगी उपाशी झोपते म्हणून आई रडायची. रागात लिहून टाकलं.”

चूक हर्षाचीही होती. दुसऱ्याच्या घरची रीत आपल्या घरी न्यायची तर आधी घरच्यांना विचारायचं, हे पोरांना सांगायचं राहूनच गेलं होतं. पण ते आत्ता कबूल कोण करणार?

“मग रोज काहून येऊन राहिले?” रागात तिची बोली सुटली.

“पहिल्या दिवशी तपासायला आलो होतो. त्यानंतर...”

“त्यानंतर?”

“त्यानंतर तपासायला नव्हतो येत.”

तिचे कान तापले. “माझा विश्वास नाही.”

“नकाच ठेवू. शनिवारपर्यंत तरी.”

शनिवारी सभा भरली, पत्र वाचून झालं, तरी भोयरांचा पत्ता नव्हता. वाटलंच होतं, हर्षा मनात म्हणाली, आणि तिला रडू यायला लागलं. तास जाणार म्हणून की हा आला नाही म्हणून, तिचं तिलाच कळेना. तेवढ्यात तो आईचा हात धरून दारात उभा राहिला.

“ते पत्र माझं आहे,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “तेव्हा सही करायची हिंमत झाली नाही.” मॅडमच्या टेबलाशी जाऊन त्याने पत्राखाली ‘तक्रार मागे घेतो’ असं लिहिलं आणि सही केली.

त्याची आई, सिंधूताई, पदर सावरत म्हणाली, “पोरगी आता दिवसाउजेडी जेवते. मीबी बसतो तिच्यासंग. पोट हलकं राहते, बाई. तास बंद नका करू.”

सगळी सभा हसली. तास राहिला.

व्हरांड्यात त्याने तिच्या हातात एक लग्नपत्रिका ठेवली. तोच कागद, तोच केवडा. आत एक अक्षर नव्हतं.

“वर काय छापायचं ते ठरत नाही,” तो खाली बघत म्हणाला. “आमच्या घरी गणपती छापतात. तुमच्या घरी...”

“आमच्या घरी बुद्ध.” मग तिने पर्समधून पेन काढून त्याच्यापुढे धरलं. “आधी सही करा. निनावी कागद मी घेत नाही.”

त्याने सही केली. तिने ती, सभेनंतर मॅडमनी तिच्याकडे दिलेल्या पत्रावरच्या सहीशी ताडून पाहिली. जुळत होती. तेव्हा कुठे तिने तो कागद संत्र्याशेजारी पर्समध्ये ठेवला.

“आमच्या घरी,” ती म्हणाली, “पाहुण्याला आधी चहा देतात, मग प्रश्न विचारतात. उद्या चारला या. बाबा फार प्रश्न विचारतात.”