ऑर्केस्ट्राच्या कॅसेटमधली हाक

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर रत्नागिरीत जाऊन हरिश्चंद्रला विचारा. तो बोलणार काही नाही, नुसते हात जोडेल.

साल १९८६. गणपती नुकतेच गेले होते. राम आळीच्या तोंडाशी हरिश्चंद्रचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. महिनाभर आरत्या भरून त्याचे कान किटले होते.

अशाच एका तिन्हीसांजेला तो लवूची गाणी भरायला बसला.

लवू त्याचा जिवलग मित्र. बोटीवर नोकरी करायचा आणि मराठीत रॉक गाणी रचायचा. गिटार हातात घेतली की शेजारी दारं लावून घेत. तीन वर्षांपूर्वी तो भर समुद्रात बोटीवरून नाहीसा झाला. देहसुद्धा मिळाला नाही. त्यानंतर त्याची मुलगी जन्मली, राही.

"भाऊजी, पोरीनं बापाचा आवाज कधी ऐकलानच नाय," लवूची बायको कमळा म्हणाली होती. "असतील तेवढी गाणी एका कॅसेटीत भरून द्या."

हरिश्चंद्रने उन्हाळाभर वणवण केली. कॉलेजच्या गॅदरिंगची एक कॅसेट मिळाली. आरे-वारेच्या किनाऱ्यावर गायलेली एक, तिच्यात गाण्यापेक्षा लाटाच जास्त. तिसरी चिपळूणच्या एका ऑर्केस्ट्राची. गेल्या वर्षी त्यांनी लवूचं गाणं बसवलं होतं, गाणारा मात्र दुसराच.

पहिल्या दोन भरून झाल्या. त्याने तिसरी लावली.

कडवं संपलं. ड्रम, गिटार... सगळं एकदम थांबलं.

आणि त्या शांततेत...

"राही..."

आवाज लवूचा होता. दमलेला.

हरिश्चंद्रच्या अंगावर काटा आला. हे गाणं वाजलं तेव्हा लवूला जाऊन दोन वर्षं झाली होती!

"राही गो..."

कोकणात लहानपणीच शिकवतात. माणूस दिसत नसेल तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. गेलेलं माणूस तिसरी हाक मारत नाही.

हरिश्चंद्रने ओठ घट्ट मिटले.

तिसरी हाक आलीच नाही...

त्याने कॅसेट मागे नेऊन ऐकली. नुसतं गाणं. भरलेली ऐकली. तिच्यातही नुसतं गाणं.

कान थकलेत आपले, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण त्याला रडू येत होतं. सकाळी त्याने कॅसेट कमळाला नेऊन दिली.

आठवड्याने कमळा दुकानात आली.

"उपकार झाले, भाऊजी. शेवटच्या गाण्यात ह्यांनी पोरीचं नाव घेतलंनी."

हरिश्चंद्रने चालू मशीन बंद केलं. "वहिनी... नाव तर तो गेल्यावर ठेवलं ना?"

"ठाऊक हाय मला." कमळा बाकावर टेकली. "नका विचारू. पोरीला बापाची हाक तरी मिळाली."

तो पुढे झुकला. "तिनं... ओ दिलीन?"

"दिलीन तर! पहिल्याच हाकेला."

"ती कॅसेट परत द्या मला. आत्ताच्या आत्ता!"

कमळा बाकावरून उठली.

"आता काय उपयोग? टेप बंद असला तरी ओ देते ती..."

हरिश्चंद्रने ती कॅसेट मोडून टाकली. राही धडधाकट आहे, आता शाळेतही जाऊ लागली आहे. फक्त तिन्हीसांजेला तिला एकटं सोडत नाहीत. आणि खेळता खेळता ती मधेच ओ देते, तेव्हा घरातलं कुणी काही बोलत नाही.