टाकीतले तीन ठोके

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचंच असतं तर स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

रविवार होता. भर दुपारचे साडेतीन. रंगाचा बंद पडलेला कारखाना आणि त्यातली एक लोखंडी टाकी.

आमचा तिघांचा बँड होता. इंडस्ट्रियल ब्लॅक मेटल. म्हणजे खरखरीत गिटार, किंचाळणं आणि ड्रमच्या जागी यंत्रांची धडधड. किंचाळायला माझा थोरला भाऊ, गिटारवर मी, कॉम्प्युटरवर आमचा मित्र, ज्याला सगळे खटपट्या म्हणायचे. गाण्याचे शब्द कुणालाच कळत नसत, आम्हालाही. आई म्हणायची, "गाताय की एकमेकांचे दात उपटताय?"

त्या टाकीत दादाचा आवाज असा घुमायचा की अंगावर काटा यायचा. म्हणून तो माइक घेऊन आत जायचा. दार आम्ही बाहेरून चाक फिरवून बंद करायचो. आतून ते उघडत नसे. गाऊन झालं की आतून तीन ठोके, ही आमची खूण. मग आम्ही उघडायचो.

पहिल्या अल्बमच्या वेळी ते ठोकेही रेकॉर्ड झाले. खटपट्या जाम खूश. त्याने तेच कापून, जोडून अख्ख्या गाण्याला ड्रम म्हणून लावले. लोकांना तेच गाणं सगळ्यात आवडलं.

दोन वर्षांनी ते नव्याने करायला बसलो. दादा आत. आमच्या कानांवर हेडफोन. गाणं सुरू झालं...

टक. टक. टक.

खूण बदलायला हवी होती. एवढी साधी गोष्ट, पण एकाच्याही डोक्यात आली नाही.

दादाचं किंचाळणं त्या दिवशी भलतंच रंगलं होतं. आम्ही दोघं माना डोलावत होतो.

मग त्याचा आवाज थांबला...

गाणंही संपलं...

ठोके चालूच.

हेडफोन भिरकावून मी चाकाला झोंबलो. चाक हलेना. घामाने हात घसरत होते. आत माझा भाऊ होता. शेवटी खटपट्याने पाइप अडकवून जोर लावला.

दादा माझ्या अंगावरच कोसळला. जिवंत होता.

मी रडतच म्हणालो, "चुकलं रे दादा! ठोके ऐकले, पण वाटलं गाण्यातलेच..."

"मी कुठे ठोकलं?" तो धापा टाकत होता. "मी दाराला चिकटून ओरडत होतो, उघडा, उघडा म्हणून. ठोकत तो होता... मागच्या भिंतीपाशी."

"तो कोण?"

"दिसला नाही. पण पहिल्या अल्बमलाही मी ठोकलं नव्हतं. तुम्ही आपणहून उघडलंत, असंच वाटलं होतं मला."

टाकीत काळोख होता. मी दार लोटलं. चाक घट्ट फिरवलं.

टक. टक. टक.

दादा माझ्या शेजारी उभा होता.

मग शांतता... कुणी तरी उघडायची वाट बघत असावं, तशी.

आम्ही पळालो. बँड त्याच दिवशी संपला. दादा अजून बाथरूमचं दारसुद्धा लावत नाही.

मला भीती वाटते, पण त्याहून जास्त लाज वाटते. आमची खूण आत ठोकणाऱ्याने बरोबर दिली होती, दोन्ही वेळा. आणि त्याला आत ठेवून चाक मी फिरवलं होतं.

ते गाणं लोक अजून ऐकतात. कुठेही वाजलं की मी उठून जवळचं दार उघडतो. बाहेर कुणी नसतं.

तरी थोडा वेळ उघडंच ठेवतो.