सूर्याच्या गालावरचा तीळ

पडद्यावर बुध दिसत होता आणि फोटोत तो नव्हता.

सांचीने पुन्हा पाहिलं. दुर्बिणीला जोडलेल्या छोट्या पडद्यावर पिवळाधमक सूर्य होता आणि त्याच्या काठापासून जरा आत खसखशीच्या दाण्याएवढा काळाकुट्ट ठिपका. हा ठिपका म्हणजे बुध ग्रह. मग तिने आत्ताच काढलेला फोटो उघडला. सूर्य होता, तोही घासूनपुसून ठेवलेल्या परातीसारखा लख्ख. ठिपका मात्र कुठेच नव्हता. त्याआधीचा फोटो, त्याच्याही आधीचा, सगळे तसेच. अख्खाच्या अख्खा ग्रह गेला तरी कुठे?

२०३२ सालच्या नोव्हेंबरातला तो शनिवार. सांगोल्याच्या बाजारपेठेत तिच्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता, त्यावर गच्ची, आणि गच्चीवर सांची एकटी. तसा सोबतीला छबू होता. छबू म्हणजे आजोबांचा रोबो. स्टुडिओत तो गिऱ्हाइकांचे फोटो काढायचा. आजोबांचे गुडघे आता जिना चढू देत नव्हते, म्हणून आज त्यांनी छबूला वर पाठवलं होतं. त्याचा हात कधी हलत नाही आणि ठरल्या सेकंदाला तो बरोबर बटण दाबतो.

"मान सरळ. हनुवटी जरा खाली. थोडं हसा," छबू सूर्याला म्हणाला आणि त्याने पुढचा फोटो घेतला.

एरवी सांची खो खो हसली असती. आज तिने घाईघाईने तोही फोटो उघडून पाहिला, त्यातही ठिपका नव्हता.

वर्गातली सगळी मुलं शाळेच्या मैदानावर मोठ्या पडद्यासमोर बसून हे अधिक्रमण (एखादा ग्रह पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जाताना त्याचा ठिपका सूर्यबिंबावरून सरकत जाणं) बघत होती. खाली रस्त्यापर्यंत त्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. सांचीलाही बोलावलं होतं, पण तिला यातलं एक काम आईबरोबर करायचं होतं.

आई म्हणजे उज्ज्वला, हवामानशास्त्रज्ञ. गेल्या डिसेंबरात ती अंटार्क्टिकाला गेली ती तिकडचीच झाली. तिथे एकदा हिवाळा सुरू झाला की जहाज येत नाही, आणि माणूस कितीही रडला तरी त्याला परत येता येत नाही. बाबा सांची अगदी लहान असतानाच वारले होते, त्यामुळे घरात आता आजोबा आणि ती. सुरुवातीला फोनवर सांची आईला सगळं सांगायची. मग सांगणं कमी होत गेलं. भांडण असं काही नव्हतं. पण मैत्रिणीशी अबोला व्हायचा सोमवारी आणि आईचा फोन लागायचा गुरुवारी. तोवर अबोला संपलेला असायचा आणि रडूही. मग काय सांगायचं? "बरं आहे," एवढंच सांची म्हणायची. तिकडून आईही म्हणायची, "माझंही बरं आहे." सांचीला कधी कधी आईचा राग यायचा, आणि राग आल्याचं वाईटही वाटायचं.

मग आईने हे काम काढलं. जाताना तिने दोन सारख्या दुर्बिणींपैकी एक बरोबर नेली होती. दोन्हींना सौरगाळणी (सूर्याचा जवळजवळ सगळा प्रकाश अडवणारी खास काच) बसवलेली होती, कारण तिच्याशिवाय सूर्याकडे बघितलं तर डोळे कायमचे जातात. त्या दिवशी दोघींनी ठरलेल्या क्षणांना एकाच वेळी फोटो घ्यायचे आणि मग ते एकमेकांवर ठेवायचे, असा बेत होता. कशासाठी, ते मात्र आईने सांगितलं नव्हतं. "फोटो बघून तूच मला सांग," म्हणाली होती. वर्षभरात दोघींनी मिळून करायची ही पहिलीच गोष्ट. सांचीने आठवडाभर रोज दुर्बीण पुसली होती.

फोन वाजला. आईचा चेहरा पडद्यावर आला. टोपी, गॉगल आणि त्यामागे पांढराफटक उजेड.

"सांचू, इकडे ढग भरून आलेत. वादळ येतंय, आता आम्हाला आत जावं लागेल. सुरुवातीचे फोटो तेवढे मिळाले गं, पुढचं काही मिळणार नाही. पण ते पुरतील. तुझे त्याच वेळचे आलेत ना?"

सांची पुन्हा एकेक फोटो चाळू लागली.

"सांचू? आवाज येतोय का?"

"आई, माझ्या फोटोत बुधच नाहीये."

एवढं बोलून तिला रडू फुटलं. हातातून दुर्बीण पडली असती तर ती एवढी रडली नसती. बुध अजून कितीतरी वेळ सूर्यावर असणार होता, हवे तेवढे फोटो घेता आले असते. पण आईचं आभाळ मिटलं होतं. जोडी लावायची तर पहिल्याच फोटोंची लावायला हवी होती, आणि ते कोरे होते.

"आजोबांना बोलव," आई म्हणाली. "रडू नकोस. मी फोन ठेवत नाही."

आजोबा आले. एकेका पायरीवर "आई गं" करत, कठड्याला धरत, घामाघूम होऊन. गच्चीवर आल्यावर त्यांनी आधी फोटो बघितला, मग पडद्यावरचा सूर्य बघितला आणि मग छबूकडे वळले.

"काय रे छबू, ह्यात काय केलंस तू?"

"चेहरा स्वच्छ केला," छबू म्हणाला. "गोल चेहरा, उजळ वर्ण. गालावर एक तीळ होता आणि कपाळाजवळ एक फिकट डाग. दोन्ही काढले. फोटो स्थळाला दाखवण्यासारखा झाला आहे."

आजोबा कपाळाला हात लावून खालीच बसले. मग त्यांना हसू आवरेना. "अगं, सूर्याला स्थळं बघायला लागलाय हा! लग्नसराईचे फोटो करून करून सवयच पडली बघ त्याला."

"तुम्ही हसताय काय!" सांची चिडून ओरडली. "सगळं गेलं माझं!"

आजोबांचं हसू एकदम थांबलं. त्यांनी तिला जवळ ओढलं. "न्हाई गेलं, पोरी. आपल्या स्टुडिओत काढलेला तीळ कधी फेकत न्हाईत. तुझ्या आईला विचार."

फोनवरून आई हसली. "माझ्याच लग्नाच्या वेळची गोष्ट आहे. आजोबांनी माझ्या फोटोतला हा तीळ ब्रशने पुसला." तिने गॉगल वर करून डाव्या गालाला बोट लावलं. "तुझ्या आजीने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, ही माझी मुलगी नव्हे. दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही."

"तेव्हापासून नियम," आजोबा म्हणाले. "तोंडावरून जे काढाल ते जिथलं तिथं नोंदवून बाजूला ठेवायचं. मागितलं की परत लावून द्यायचं. छबू, सूर्याचा तीळ परत दे बाबा. आणि त्यो डागपण."

"गिऱ्हाइकाची मर्जी," छबू म्हणाला.

आणि फोटोत बुध परत आला. पुसल्या जागीच, केसभरही न हलता. एकामागून एक सगळ्या फोटोंत आला. सांचीने डोळे पुसले आणि फोटो आईकडे पाठवले. मग आईचे आले. छबूने पहिली जोडी घेऊन एकावर एक ठेवली.

"आता बघ," आई म्हणाली. "कपाळाजवळचा फिकट डाग म्हणजे सौरडाग (सूर्याच्या पृष्ठभागावरचा थोडा कमी तापलेला भाग). तो सूर्यालाच चिकटलेला असतो. तुझा आणि माझा एकमेकांवर ठेवा, म्हणजे फोटो जुळतील."

डाग डागावर नीट बसला. बुध मात्र बुधावर बसला नाही. तिथे दोन ठिपके दिसत होते, एक जरा वर, एक जरा खाली, एकमेकांना अर्धेमुर्धे झाकणारे.

"आई, तुझा बुध चुकलाय."

"माझा चुकला की तुझा? अंगठा उभा धर. हात लांब कर. एक डोळा मीट आणि अंगठ्यामागे काय दिसतं ते बघ."

"पाण्याच्या टाकीचा पाइप."

"आता तो डोळा उघड आणि दुसरा मीट."

अंगठा टुणकन उडी मारून पाइपाच्या बाजूला गेला. सांचीने पुन्हा केलं. पुन्हा उडी.

"अंगठा हलला?"

"नाही. डोळा बदलला." सांचीचा आवाज एकदम चढला. "आई! अंगठा म्हणजे बुध! टाकी म्हणजे सूर्य! आणि मी एक डोळा, तू दुसरा!"

"शाब्बास. ह्या सरकण्याला पराशय म्हणतात (पाहण्याची जागा बदलली की जवळची वस्तू मागच्या वस्तूपुढे सरकल्यासारखी दिसणं). आता अंगठा नाकाजवळ आण. उडी मोठी की लहान?"

"मोठी. लांब नेला की लहान होते."

"म्हणजे उडी मोजली की अंगठा किती लांब आहे ते काढता येतं. फक्त दोन डोळ्यांमधलं अंतर ठाऊक हवं. मग त्रिकोणाचं गणित. तसंच बुधाचं, फक्त तिथे तुझ्या गच्चीपासून माझ्यापर्यंतचं अंतर धरायचं. आणि सूर्यापासून बुध आणि पृथ्वी कोणत्या प्रमाणात लांब आहेत, ते माणसांना आधीपासून माहीत आहे. त्यामुळे बुधाचं अंतर सापडलं की सूर्याचंही सापडतं. तिथवर जाऊन पट्टी लावायची गरज नाही."

छबूने गणित केलं. उत्तर आलं चौदा कोटी किलोमीटरच्या आसपास. खरं अंतर जवळपास पंधरा कोटी.

"चुकलं की," सांची हिरमुसून म्हणाली.

"एवढ्याशा दुर्बिणीने, गच्चीवरून एवढं जवळ आलं, हे काय कमी आहे?" आई म्हणाली.

सांची दोन ठिपक्यांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, तू इथे माझ्याशेजारी असतीस तर?"

"तर दोन्ही फोटो सारखेच आले असते. ठिपका ठिपक्यावर बसला असता आणि आपल्याला काहीच कळलं नसतं. आपण एवढ्या लांब आहोत म्हणूनच हे मोजता आलं."

"मला नको होतं मोजायला," सांची म्हणाली. "मला तू इथे हवी होतीस."

फोनमध्ये वाऱ्याचं घोंघावणं वाढलं होतं.

"मलाही," आई म्हणाली. "रोज. मी म्हणते ना बरं आहे, ते खरं नसतं गं."

"माझंही नसतं," सांची म्हणाली. आणि मग तिने आईला सगळं सांगितलं. सोमवारचं, त्याआधीचं, शाळेतलं, रात्री उशी कुशीत घेऊन झोपण्याचं. शिळं झालं होतं तरी सांगितलं. वादळाने फोन तोडेपर्यंत आई ऐकत होती. आईला परत आणणारं जहाज निघायला आता फार दिवस उरले नव्हते.

फोन बंद झाल्यावर गच्ची पुन्हा शांत झाली. आजोबा गुडघे चोळत बसून होते. शाळेकडचा गलका कधीच ओसरला होता, पण पडद्यावर बुध अजून आपल्या वाटेने निघालेलाच होता, भल्यामोठ्या सूर्यापुढे एवढासा, एकटा.

"आजोबा, हे परत कधी होणार?"

"सात वर्सांनी म्हणतात. तवा तुझी आई हितंच असंल."

"मग एक डोळा कमी पडेल," सांची म्हणाली. थोडा विचार केला आणि म्हणाली, "तेव्हा मी जाईन लांब. आई इथून फोटो काढेल. पण मी फोनवर बरं आहे असं नाही म्हणणार, खरं काय ते सांगेन."

छबूने दोघींचा जोडफोटो छापायला घेतला आणि थांबला. "इथे एकाऐवजी दोन तीळ आले आहेत. एक काढू का?"

"नाही," सांची म्हणाली. "वरचा आईचा आहे. दोन्ही राहू देत."