शिळी आरोळी

आमच्या घरात एक खोली पाहुण्यांसाठी होती आणि पाहुणे काही येत नव्हते. त्यामुळे तिथे इस्त्रीचं टेबल, स्कीच्या जोड्या आणि माझ्या मावशीने लग्नात दिलेलं एक भयंकर झुंबर असा संसार मांडला गेला होता. हाल्वोरच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि मग तर त्या खोलीचं दार उघडायचंही कारण उरलं नाही.

हाल्वोर माझा नवरा. तो आमच्या व्हॉस गावच्या बाजारात बोलायला लागला की तळ्यापलीकडच्या मेंढ्या माना वर करतात, अशी त्याची थट्टा व्हायची. डॉक्टरांनी गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. राहिली ती कुजबुज, सायकलच्या चाकातून हवा जावी तशी. लोक भेटायला यायचे, तो बहिरा झाल्यासारखे त्याच्याशी मोठमोठ्याने बोलायचे आणि कॉफी अर्धी टाकून उठायचे. हळूहळू त्याने माणसांत जाणंच सोडून दिलं.

मी आयुष्यभर लोकांचे कान तपासले. जाड भिंतींच्या बंद पेटीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं. आवाजाच्या बाबतीत माझा कान सहसा चुकत नाही आणि हे मी विनयाने सांगत नाहीये. पण माझ्याच नवऱ्याचा आवाज मला आठवून ऐकता येईना. त्याची वाक्यं आठवायची, सकाळी उठल्याउठल्या तो विचारायचा ते "रान्वाय, कॉफी झाली का?" आठवायचं, पण आठवणीत ते वाक्य मीच म्हणत असायची. याचं मला फार वाईट वाटायचं. कोणाला सांगण्यासारखं ते दुःख नव्हतं, कारण माणूस तर समोर जिवंत बसलेला होता.

बिअरची कल्पना माझीच. हाल्वोरच्या घरी पिढ्यान् पिढ्या बिअर घरीच व्हायची. शेत विकलं तेव्हा भट्टीघरही त्याच्याबरोबर गेलं आणि तेव्हापासून त्याने पिंपाला हात लावला नव्हता. बिअर झाली की वासावर शेजारीपाजारी आपसूक येतात, बोलावणं लागत नाही. मला तेच हवं होतं.

"या खोलीत लाव तुझी भट्टी," मी म्हणाले. "झुंबर मी भंगारात टाकते."

तो कितीतरी दिवसांनी हसला. हसू दिसलं, ऐकू आलं नाही.

शेजारचा आर्नफिन नळकामातला. निवृत्त झाल्यापासून त्याचे हात शिवशिवतच होते. त्याने जमिनीला उतार काढून मोरी केली, फरशा लावल्या, तांब्याच्या मोठ्या पातेल्यासाठी विजेची शेगडी बसवली आणि वाफेसाठी झाकणाचा पंखा लावला. खिडकी मात्र मी हाताळली. ती उत्तरेकडची, आणि आमच्या बिअरला आंबताना ऊब लागते. मी कान तपासायच्या पेटीला असतो तसा जाड फोम दोन थरांत चिकटवून खिडकी पार बुजवून टाकली.

"ही खोली आहे की पाणबुडी?" आर्नफिन म्हणाला.

"तू फरशा सरळ लाव. तिसरी रांग बेवड्यासारखी चाललीय."

हाल्वोर छताकडे बोट दाखवत होता. "भोक हवं," तो कुजबुजला. शेतावरच्या भट्टीघराला छतात धुराचं भोक होतं, ते मला ठाऊक होतं.

"धूर आहे कुठे? शेगडी विजेची आहे."

"धुरासाठी नाही."

"मग कशासाठी?"

बोलायचे श्रम पडायचे त्याला. त्याने हात झटकला आणि विषय सोडला. मीही सोडला, छपराचं काम नुकतंच करून घेतलेलं होतं.

ऑक्टोबरात, डोंगरांवर बर्फाची पहिली रेघ उतरली तेव्हा पहिला घाणा चढला. सकाळपासून जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या पाण्यात उकळत होत्या आणि घरभर ओल्या रानाचा वास होता. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोड काढा दुपारपर्यंत आटून दाट तपकिरी झाला, तो आम्ही लाकडी पिंपात ओतला. हाल्वोरची थोरली बहीण गुरो क्वाइक घेऊन आली होती. क्वाइक म्हणजे घराण्याचं यीस्ट, विरजणासारखं जपलेलं. फडक्यात बांधलेले वाळके पापुद्रे दिसतात, पण कोमट काढ्यात पडले की जिवंत होतात.

आता आरोळी. आमच्या भागात विरजण घालणाऱ्याने ते पडताक्षणी जिवाच्या आकांताने ओरडायचं असतं. पिंपाशी जे काही घुटमळत असेल ते त्या आवाजाने पळतं, असं म्हणतात. मुळमुळीत ओरडलं तर बिअर मुळमुळीत होते आणि पिणारे जांभया देतात. मी हे सगळं हसण्यावारी नेते, पण आरोळीशिवाय विरजण घातलेलं मी कुठे पाहिलेलं नाही.

हाल्वोर पिंपाशी उभा होता. फडकं त्याच्या हातात होतं आणि हात थांबला होता.

"मी ओरडतो की," आर्नफिन म्हणाला.

हाल्वोरने मान हलवली. त्याच्या घरच्या विरजणाला त्याच्याच घरची आरोळी लागते. गुरो ओरडली असती, पण तिचा दमा सगळ्यांना माहीत होता.

तेव्हा मला सुचलं. शेतावरच्या शेवटच्या घाण्याचं चित्रण माझ्या फोनमध्ये होतं. ऑपरेशननंतर ते लावायची माझी छाती झाली नव्हती. त्यात हाल्वोर विरजण टाकतो, हनुवटी वर करतो आणि आरोळी ठोकतो. वरच्या कुरणातून गाई बोलवाव्यात तशी ती चढत जाते आणि शेवटी फाटते. मी छोटा स्पीकर आणून पिंपाच्या कडेवर ठेवला.

"हे करू नकोस," गुरो म्हणाली. "ती आरोळी वापरून झालेली आहे."

"म्हणजे दुधासारखी नासते की काय?"

"तू थट्टा कर. पहिल्यांदा ती आरोळी असते, हाकलायला. तीच पुन्हा वाजवलीस तर ती हाळी होते, बोलावायला. आणि त्या वेळी ती छताच्या भोकातून निघून गेली होती. इथून कुठे जाणार?"

मी हाल्वोरकडे पाहिलं. त्याचे डोळे स्पीकरवर खिळले होते. त्याला ती ऐकायची होती, आणि मला त्याच्याहून जास्त. मी पंखा बंद केला, काढा थंड होऊ नये म्हणून दार लोटलं आणि बटण दाबलं. हाल्वोरने फडकं उलटं केलं.

आरोळी झाली. माझ्या अंगावर काटा आला, डोळे भरले, हे सगळं अपेक्षितच होतं. पण फरशा लावलेल्या रिकाम्या खोलीत असा आवाज थोडा वेळ घुमतो. घुमायलाच हवा. इथे काहीच घुमलं नाही. कोणीतरी ओंजळीत झेलावा तसा आवाज तिथल्या तिथे नाहीसा झाला. पिंपातला काढा एकदा थरथरला आणि सपाट झाला.

"फोम चांगला बसलाय," मी म्हणाले.

संध्याकाळपर्यंत विरजण फसफसायला लागलं. हाल्वोर पिंपाजवळ बसून राहायचा, झाकणाला कान लावून. त्याची भूक सुधारली. मी खूष होते आणि एका दुपारी, लाड म्हणून, त्याला ते चित्रण पुन्हा दाखवायला बसले.

चित्रणात शेकोटीची लाकडं तडतडत होती. मागून गुरो खोकत होती. हाल्वोरने हनुवटी वर केली, तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या. आवाज नव्हता. लाकडं तडतडतच होती. मग त्याने तोंड मिटलं आणि चित्रणातले लोक टाळ्या वाजवून हसले.

फोन बिघडला, असं मी म्हणाले. पण बिघडलेला फोन फक्त एकाच माणसाला गप्प करत नाही, हे मला समजत होतं. मी गुरोला फोन केला. तिच्याकडेही ते चित्रण होतं, मीच तेव्हा पाठवलेलं.

तिने ते लावून पाहिलं. मग म्हणाली, "माझ्याकडेही तो नुसता तोंड उघडतोय."

बिअर काढायचा रविवार उजाडला. दुपारीच माणसं जमली. आर्नफिन आणि त्याची बायको तुरुन, टपालवाला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई, आणि गुरो. खारवलेलं मटण, पातळ कडक भाकरी, लोणी. हाल्वोर स्वतः बिअरचे मग भरून देत होता, गालांवर रंग आला होता. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. मला वाटलं, झालं, परत आला माझा माणूस. मी वाढण्याच्या धांदलीत होते, अजून घोटभरही घेतली नव्हती.

आर्नफिनने दुसरा मग संपवला आणि ओठ पुसले. "यंदा मेंढ्या कुरणावरून लवकर उतरवल्या," तो म्हणाला, "तरी दोन सापडल्याच नाहीत."

ताट माझ्या हातात तिरकं झालं.

मेंढ्या आर्नफिनच्या होत्या. आवाज हाल्वोरचा होता.

मी सांगितलं ना, माझा कान चुकत नाही. नक्कल वेगळी ऐकू येते. ही नक्कल नव्हती. वाक्याच्या शेवटी किंचित खाली घसरणारा तो खर्ज, 'सापडल्याच'मधला तो घोगरा काठ. आर्नफिनने घसा चोळला. "छान उतरते घशातून," तो त्याच आवाजात म्हणाला. आपला आवाज बदललाय हे त्याला ऐकू आलं नव्हतं.

तुरुन हसली. ते हसू नाकातून सुरू झालं, हाल्वोरचं सुरू व्हायचं तसं. टपालवाल्याने काहीतरी विचारलं, ऑर्गनवाल्या बाईने उत्तर दिलं. सगळं स्वयंपाकघर माझ्या नवऱ्याच्या आवाजात गप्पा मारत होतं.

गुरोने आपला मग न पिताच टेबलावर ठेवला.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. मी बिअरचा जग उचलला आणि आर्नफिनचा मग पुन्हा भरला.

"मेंढ्यांचं सांग ना अजून," मी म्हणाले.

तो सांगत राहिला. मी डोळे मिटून ऐकत राहिले. मला सुख झालं, खोटं कशाला बोलू.

डोळे उघडले तेव्हा हाल्वोर माझ्यासमोर उभा होता. त्याने माझं मनगट धरलं होतं. ओठ हलत होते.

मी कान जवळ नेला.

कुजबुज नव्हती. श्वासाचाही आवाज नव्हता.

त्याने हनुवटी वर केली, पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. चित्रणात झाल्या होत्या अगदी तशाच.

मागे कोणीतरी त्याच्या आवाजात आणखी लोणी मागत होतं.

सगळे गेल्यावर गुरो दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. "खिडकी उघड, रान्वाय."

"उघडली तर?"

"त्याची कुजबुज तरी परत येईल. आज तीही आवाजाच्या मागे त्या खोलीत गेली."

"आणि आवाज?"

तिने नाडी घट्ट ओढली. "तो गेलेलाच आहे. तू फक्त डांबून ठेवलायस."

दुसऱ्या दिवशी आर्नफिन स्वतःच्या किनऱ्या आवाजात माझ्याशी बोलला. हाल्वोरच्या गेलेल्या कुजबुजीबद्दल डॉक्टर म्हणाले, व्रण आकसतात, असं होऊ शकतं. हाल्वोर चिडला नाही. तो रोज त्या खोलीच्या दाराशी येतो, बुजवलेल्या खिडकीकडे बोट दाखवतो आणि माझ्याकडे बघतो. मी म्हणते, उद्या. फोम पक्का चिकटलाय, चौकट खराब होईल, बाहेर गारठा आहे, पिंपात अजून बिअर आहे. यातलं एकही खोटं नाही.

तो तळ्यावर फिरायला गेला की मी त्या खोलीत जाते आणि दार लावते. पिंपातून एक छोटा पेला घेते, पालथ्या बादलीवर बसते आणि मोठ्याने म्हणते, "रान्वाय, कॉफी झाली का?" मग ऐकत राहते. एका पेल्यात तेवढ्यापुरतंच मिळतं. तेवढ्यासाठी दिवसभर थांबायची माझी तयारी असते.

काल मी पेला रिकामा केला आणि तोंड उघडलं.

"रान्वाय," तो आवाज म्हणाला, "खिडकी उघड."

हे मी म्हणायला निघाले नव्हते. मी ओठांवर हात ठेवला. ओठ मिटलेले होते.

तेवढ्यात दार उघडलं. हाल्वोर फिरून आला होता, टोपीवर बर्फाचे कण होते. त्याने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नेहमीसारखं खिडकीकडे बोट केलं.

"उद्या," मी त्याला म्हणाले.

त्याच्याच आवाजात.

त्याने बोट खाली घेतलं. मग टोपी काढून झटकली आणि दार हलकेच लोटून निघून गेला.