कट्ट्याची तहान

सिमेंट कशाने घट्ट होतं? वाळून, असं तुम्ही म्हणाल. लहानपणी मीही तेच म्हटलं होतं आणि आमच्या वस्तीचा यंत्रमानव गडूसुद्धा तेच म्हणाला होता. चंद्रावरच्या आमच्या वस्तीत पाण्याचा थेंब न् थेंब गडूच्या ताब्यात असे, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत त्याला शिकवायला जाण्याची कुणाची छाती नव्हती. पण त्या दिवशी आम्ही दोघंही सपशेल चुकलो होतो.

माझे आबा, म्हणजे आईचे वडील, चंद्रपूरचे सिमेंटचे शास्त्रज्ञ. चंद्रावरच्या मातीपासून सिमेंट करता येतं का, हे बघायला ते आमच्याकडे राहायला आले होते. प्रयोग जमला. परतीच्या यानाला काही आठवडे होते आणि थोडं सिमेंट उरलं होतं, तेव्हा त्यांच्या डोक्यात कट्टा आला.

"एवढी मोठी वस्ती, अन् दोन माणसं गप्पा मारत बसतील अशी जागा नाही," ते म्हणाले. "शर्वाणी, आपण खिडकीपाशी कट्टा बांधू. जायच्या आधी तुझ्यासंग त्यावर बसतो, पृथ्वी पाहत."

चंद्रावरून दिसणारी पृथ्वी उगवत नाही की मावळत नाही, आकाशात एकाच जागी असते. त्यामुळे आबांनी कट्ट्याची जागा अगदी नेमकी निवडली. सिमेंट कालवायला गडूने मोजून पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कट्टा बोटाने दाबून पाहिला तर टणक लागला.

"कट्टा वाळला," गडू म्हणाला. "आता पाणी बंद."

"वाळला नाही रे बाप्पा, आता कुठं पिऊ लागला," आबा हसून म्हणाले आणि त्यांनी मला जवळ बसवलं. "सिमेंटच्या कणाला पाणी भेटलं की दोघांचा संयोग होतो. कणाला सुईहून बारीक काटे फुटतात. शेजारच्या कणालाही फुटतात. हे काटे एकमेकांत गुंतत गेले की त्याचा दगड होतो. याला हायड्रेशन (जलसंयोग, म्हणजे पदार्थाने पाणी स्वतःत सामावून घेणं) म्हणतात. पण हे काम कैक दिवस चालते. मधेच पाणी उडून गेलं तर काटे वाढत नाहीत, वरचा थर भुसभुशीत राहते."

मग त्यांना चंद्रपूर आठवलं. तिथल्या उन्हाळ्यात स्लॅब टाकला की त्यावर छोटे बांध घालून पाणी साठवायचं, खांबांना ओली पोती गुंडाळायची आणि संध्याकाळी नळी घेऊन पाणी मारायचं. तापलेल्या भिंतीवर पाणी पडलं की जो वास येतो त्याबद्दल आबा इतकं बोलले की मी कधीही न घेतलेला तो वास मला आजही आठवतो, असं वाटतं.

गडूवर मात्र त्या वासाचा काही परिणाम झाला नाही. "तुम्ही पाणी प्यायलात तर ते मला परत मिळतं," तो म्हणाला. "श्वासातून, घामातून, लघवीतून. मी ते स्वच्छ करून पुन्हा वाटतो. कट्टा जे पाणी पितो ते दगडातच राहतं. असं आणखी पाणी मी देऊ शकत नाही. आणि कट्ट्याची भुकटी उडायला लागली तर मला तो फोडावा लागेल. धुळीने हवेची यंत्रं बंद पडतात."

"बरं," आबा म्हणाले. "पण माझ्या वाटणीचं पाणी तर माझं आहे ना?"

गडूने जरा विचार केला आणि हो म्हणाला. हुशार होता तो, पण म्हातारी माणसं किती हट्टी असतात याची त्याला कल्पना नव्हती.

आबा आपल्या पेल्यातलं अर्धं पाणी कट्ट्यावर ओतू लागले. वस्तीतली हवा इतकी कोरडी की दुपारपर्यंत कट्टा पुन्हा पांढरा पडायचा. मग उरलेलं अर्धंही जायचं. त्यांचे ओठ फाटले, माझी थट्टा करणं त्यांनी सोडून दिलं. एका सकाळी कट्ट्यापासून उठताना त्यांचा तोल गेला आणि ते जमिनीवर बसले. मी घाबरून रडायला लागले.

"काहून रडून राहिली?" आबा पुटपुटले. "मी काय मरून राहिलो का?"

गडू धावत आला. "शरीरातलं पाणी घटलंय. डीहायड्रेशन (निर्जलीकरण)," असं म्हणून त्याने मीठ-साखरेचं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं. आबांचं डोकं गरगरत होतं, तरी शिकवण्याची खोड जाईल तर शपथ.

"या पेल्यातही हायड्रेशन आहे बरं," ते घोट घेत म्हणाले. "मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे आयन (विद्युतभार असलेले कण) सुटे होतात अन् प्रत्येकाभोवती पाण्याचे रेणू कोंडाळं करतात. रसायनशास्त्रात यालाही हायड्रेशनच म्हणतात. आतड्यात मीठ अन् साखर जोडीनं शिरतात, मागोमाग पाणी शिरते. डॉक्टर ज्याला हायड्रेशन म्हणतात ते हे, शरीराला पुरेसं पाणी मिळणं."

"आधी प्या," मी ओरडले. मला त्यांचा खरंच राग आला होता. त्यांच्याशिवाय त्या कट्ट्यावर बसून मी काय करणार होते?

मी आईचं मलम आणलं आणि त्यांच्या ओठांना लावू लागले. डबीवर लिहिलं होतं, 'ओठांना ओलावा देते'.

"गडू, यात किती पाणी असतं?"

"जवळजवळ नाहीच. हे मलम पाणी देत नाही. आत असलेलं पाणी उडून जाऊ देत नाही."

मी डबीकडे बघितलं, मग पांढऱ्या पडलेल्या कट्ट्याकडे. "मग कट्ट्यालाही असंच काहीतरी लावलं तर?"

आबांचा घोट तोंडातच राहिला. गडू कट्ट्याकडे वळला.

"सामानाच्या खोक्यांवरचं प्लास्टिक आहे," तो म्हणाला. "कट्टा एकदा नीट भिजवायला पाणी मी देतो. थोडं जाईल कायमचं. जाऊ दे. पण आबांनी स्वतःच्या वाटणीचं पाणी प्यायलं पाहिजे."

आम्ही कट्टा भिजवला, प्लास्टिक घट्ट गुंडाळलं आणि कडा चिकटपट्टीने बंद केल्या. सकाळी पाहिलं तर प्लास्टिकच्या आतून दवासारखे थेंब जमले होते. पाणी तिथेच होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आबांनी प्लास्टिक काढलं आणि खिळ्याने कट्ट्यावर ओरखडा मारून पाहिला. जराही भुकटी पडली नाही. मग आम्ही बसलो. चंद्रपूर ढगांखाली होतं, तरी आबा मला बोटाने दाखवत राहिले आणि मी दिसतंय म्हणत राहिले.

आता मी वस्तीच्या बांधकामाचं काम बघते. या महिन्यात आम्ही शाळेची जमीन ओततोय, अख्खी, प्लास्टिकखाली, आणि थेंब जमलेत का ते बघायला पोरं रोज गुडघ्यांवर बसतात. संध्याकाळी ती कट्ट्यावर दाटीवाटीने बसून भांडतात. आबा गेल्यावर त्यांच्या जागेवर मी बरेच दिवस कुणाला बसू देत नव्हते. आता देते.